गेममधल्या व्हिलनला एवढा माज येतो कुठून?

१९९७ साली आलेल्या फायनल फँटसी ७ मध्ये सुरुवातीचे काही तास खेळून झाले की एक फ्लॅशबॅक येतो. त्यात आपला नायक क्लाउड लेव्हल १ वर असतो आणि त्याच्यासोबत असतो सेफिरॉथ, लेव्हल ५०. पाऊस पडतोय, ट्रकमधून चाललेत, आणि मध्येच ड्रॅगन आडवा येतो. क्लाउड एका फटक्यात खलास. सेफिरॉथला आपण कमांड देऊच शकत नाही, तो आपला आपण लढतो, ड्रॅगन त्याच्यावर वार करतो तेव्हा स्क्रीनवर शून्य उमटतं आणि तो वार करतो तेव्हा हजारांतला आकडा. आपण कंट्रोलर धरून नुसतं बघत बसायचं. मी पहिल्यांदा हे खेळलो तेव्हा मला तो भयंकर आवडला होता, कारण एवढी ताकद असूनही माणूस शांत, मोजकं बोलणारा, क्लाउडचं गाव येतं तेव्हा घरच्यांना भेटून ये म्हणणारा, आणि डोंगरावर निघायच्या आधी सगळ्यांसोबत फोटोला उभा राहणारा.

आणि थोड्याच दिवसांत तोच माणूस ते अख्खं गाव पेटवून देतो.

आता यात बघण्यासारखं काय आहे, तर या मधल्या दिवसांत त्याची ताकद एक पॉइंटनेही वाढलेली नाही. लेव्हल तीच, तलवार तीच. व्हिलनला माज का येतो असं विचारलं की बहुतेक जण पटकन सांगतात, ताकद डोक्यात गेली. पण ताकद तर ट्रकमध्येही होती, तेव्हा नव्हता माज. बदललं एवढंच की त्याने स्वतःबद्दल एक गोष्ट वाचली आणि ती खरी धरली. मला या लेखात हेच समजावून सांगायचंय, की 'मी सगळ्यांच्या वर आहे' हे वाटणं ताकदीतून येत नाही, ते स्वतःला सांगितलेल्या गोष्टीतून येतं, आणि त्या गोष्टीला बहुतेक वेळा कुठेतरी मोठं भोक असतं. (पुढे बऱ्याच गेम्सचे शेवट फोडलेत, त्यामुळे खेळायचे राहिले असतील तर इथेच थांबा.)

सेफिरॉथचंच आधी पूर्ण करू. डोंगरातल्या रिॲक्टरमध्ये त्याला काचेच्या टाक्यांत ठेवलेले विद्रूप जीव दिसतात आणि एका दारावर 'जेनोव्हा' असं लिहिलेलं दिसतं. लहानपणापासून त्याला सांगितलेलं असतं की तुझ्या आईचं नाव जेनोव्हा. म्हणजे आपणही या टाक्यांतल्या जीवांसारखेच कुणीतरी बनवलेले आहोत का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घुसतो आणि तो गावातल्या जुन्या वाड्याच्या तळघरात जाऊन बसतो, तिथे संशोधनाचे कागद आणि पुस्तकं भरलेली आहेत, आणि दिवसरात्र वाचत सुटतो. बाहेर येतो तो दुसराच माणूस होऊन. त्याच्या हिशोबाने आता तो प्राचीन जमातीचा शेवटचा वारस, ही पृथ्वी त्याच्या हक्काची, आणि बाकी सगळे माणसं म्हणजे त्या जमातीला दगा देणाऱ्यांची औलाद.

आणि हे चुकीचं आहे. जेनोव्हा त्या प्राचीन जमातीची नव्हतीच, उलट आकाशातून पडून त्या जमातीचा घात करणारी बला तीच होती. ज्या प्रोफेसर गास्टने तिला आधी प्राचीन म्हणून ओळखलं होतं, त्यालाच पुढे आपली चूक कळली आणि तो ते सगळं सोडून निघून गेला. म्हणजे सेफिरॉथचा सगळा डोलारा उभा आहे तो अशा एका निष्कर्षावर जो लिहिणाऱ्यानेच मागे टाकलाय. मला हे अतिशय जबरदस्त वाटतं, कारण तो वेडा म्हणून नाही वाहवत गेला. त्याने वाचलं, पुरावे जोडले, फक्त त्याला जे हवं होतं ते मिळाल्यावर वाचायचं थांबवलं. आणि त्याला काय हवं होतं? 'मी टाकीतला राक्षस आहे' याच्यापेक्षा बरं असं कुठलंही उत्तर. राक्षस किंवा देव, एवढेच दोन पर्याय समोर असतील तर माणूस देवच निवडणार ना.

इथे आल्फ्रेड ॲडलर आठवतो. व्हिएन्नातला मानसशास्त्रज्ञ, १८७० ते १९३७ असा त्याचा काळ, लहानपणी मुडदूसमुळे त्याला चालायलाच उशीर झाला होता. आपल्याकडे आपण न्यूनगंड आणि अहंगंड हे दोन शब्द अगदी विरुद्ध असल्यासारखे वापरतो, की याला न्यूनगंड आहे आणि त्याला अहंगंड. ॲडलरचं म्हणणं असं की ही एकाच नाण्याची दोन तोंडं आहेत. कमीपणाची भावना प्रत्येकातच असते आणि तिच्यामुळेच माणूस धडपडतो, शिकतो, पण ती सहन होण्यापलीकडे गेली की माणूस प्रत्यक्ष काही सुधारायच्या ऐवजी आपण आधीच वर पोचलोय असं वागायला लागतो. म्हणजे अहंगंड ही जखमेवरची खपली. बाहेरून कडक, खाली अजून ओलं.

हे गेममध्ये सगळ्यात उघड कुठे दिसत असेल तर १९९८ च्या मेटल गिअर सॉलिड मध्ये. लिक्विड स्नेक आणि आपला सॉलिड स्नेक हे दोघं एकाच महान सैनिकाचे क्लोन. लिक्विड शेवटपर्यंत ओरडून सांगत असतो की बापाचे सगळे चांगले जीन्स तुला मिळाले आणि मला उरलेला गाळ मिळाला. त्याला जग ताब्यात घ्यायचंय, अणुबॉम्ब डागणारा अवाढव्य रोबोट चालवायचाय, पण नीट ऐकलं तर कळतं की त्याचं भांडण फक्त एका भावाशी आहे. आणि मग सगळं संपल्यावर, क्रेडिट्स सरकून गेल्यावर, एक फोन कॉल ऐकू येतो, त्यात लिक्विडचाच साथीदार ऑसेलॉट सांगतो की प्रत्यक्षात उलटं होतं, सरस जीन्स लिक्विडलाच मिळाले होते. बिचारा मेला तरी त्याला कळलं नाही. (जीन्सचं विज्ञान असं चालत नाही हे वेगळं, प्रभावी जीन म्हणजे चांगला आणि अप्रभावी म्हणजे वाईट असं काही नसतं. पण गेमला जे सांगायचंय त्याला त्याने धक्का लागत नाही.) त्याच्याकडे खरोखरचं सगळं होतं आणि तरी तो आयुष्यभर स्वतःला कमी समजून जगाला दाखवून द्यायला निघाला होता, म्हणजे वस्तुस्थिती काय आहे याचा आणि माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं याचा संबंध किती पातळ असू शकतो ते बघा.

सगळ्याच व्हिलनच्या खाली अशी जखम असते असं मात्र मी म्हणणार नाही. तो हल्ली फार सोपा उपाय झालाय, बालपणीचा एक वाईट सीन टाकला की झालं. काही व्हिलन विचारातून तिथे पोचतात, आणि ते मला जास्त भीतीदायक वाटतात.

२००७ च्या बायोशॉकमधला अँड्र्यू रायन घ्या. रशियातली क्रांती बघून पळालेला माणूस, अमेरिकेत श्रीमंत होतो, आणि मग १९४६ मध्ये समुद्राच्या तळाशी रॅप्चर नावाचं शहर बांधायला घेतो जिथे सरकार नाही, धर्म नाही, कुणी तुमच्या घामाच्या कमाईवर हात टाकणार नाही. गेम सुरू झाला की तुम्ही एका गोल पाणबुडीत बसून खाली जाता आणि रायनचा आवाज हे सगळं समजावत असतो, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकताना पटतं. त्याची गोष्ट जन्माची नाही, कर्तृत्वाची आहे. जे घडवतात ते वरचे आणि बाकी सगळे परजीवी, बांडगुळं. पण त्याचा शत्रू फाँटेन अगदी बरोबर बोट ठेवतो, की इथे येणारा प्रत्येक जण आपण मोठा उद्योगपती होणार म्हणून येतो आणि संडास कोण घासणार हे कुणाच्या डोक्यातच नसतं. रायनच्या गोष्टीतलं भोक हेच, की वर असण्यासाठी खाली कुणीतरी लागतं, आणि त्या खालच्यांची मेहनत त्याने हिशोबातच धरली नाही.

यावरून पॉल पिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आठवतो, तोही गेमचाच आहे. दोन अनोळखी माणसांना मोनोपॉली खेळायला बसवलं आणि नाणं उडवून ठरवलं की एकाला सुरुवातीलाच दुप्पट पैसे, फेरी पूर्ण केल्यावरही दुप्पट, आणि दोन फासे, तर दुसऱ्याला एकच फासा. नाणं दोघांच्या डोळ्यांसमोर उडवलं होतं. तरी थोड्या वेळात श्रीमंत खेळाडू सोंगट्या जोरात आपटायला लागले, आवाज चढला, आणि नंतर कसे जिंकलात असं विचारलं तर आपण कुठली जागा कधी घेतली, काय डोकं लढवलं हेच सांगत बसले. नाण्याची आठवण काही त्यांच्या बोलण्यात आली नाही. ही साधी माणसं होती, थोड्या वेळापुरती श्रीमंत झालेली. रायनला तर शहर बांधायला मिळालं.

रायनचं पुढे काय होतं ते बघा. फाँटेनची कंपनी त्याच्यापेक्षा मोठी व्हायला लागली तेव्हा तत्त्वाचा पुतळा असलेल्या या माणसाने ती कंपनी सरळ ताब्यात घेतली, म्हणजे ज्या गोष्टीपासून पळून तो समुद्राच्या तळाला गेला तीच त्याने स्वतः केली. माणूस निवडतो आणि गुलाम आज्ञा पाळतो, हे त्याचं लाडकं वाक्य. शेवटी तुम्ही त्याच्यापर्यंत पोचता तेव्हा तो गोल्फ खेळत असतो, आणि तोवर त्याला कळलेलं असतं की तुम्ही एका ठरावीक वाक्याला बांधलेले आहात, ते वाक्य म्हटलं की तुम्हाला आज्ञा पाळावीच लागते. तो ते वाक्य म्हणतो, गोल्फची काठी तुमच्या हातात देतो आणि स्वतःला मारायला सांगतो. बटणं चालत नाहीत. काठी एकदा बसते, दोनदा बसते, आणि तो रक्ताळलेल्या तोंडाने आपलं लाडकं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. शहर बुडालं, माणसं राक्षस झाली, सगळं हातचं गेलं, पण मी निवडणारा आणि तू पाळणारा, एवढं सिद्ध करण्यासाठी तो जीव देतो. त्याला ती गोष्ट जिवापेक्षा महत्त्वाची होती.

बॉर्डरलँड्स २, साल २०१२, त्यातला हँडसम जॅक आणखी वेगळा. तो स्वतःला हिरोच समजतो, मनापासून. लोक मारायला येतात म्हणजे ते बँडिट, बँडिट म्हणजे माणूसच नाही, मग त्यांना कसंही मारलं तरी चालतं, आणि मारताना हसलं तरी चालतं. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच तपासलं होतं. १९७५ च्या त्याच्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना वाटत होतं की आपण दुसऱ्या गटाला चुकल्यावर विजेचा झटका देतोय (झटका खरा लागत नव्हता), आणि आधी त्यांच्या कानावर मुद्दाम पडेल असं एक वाक्य टाकलं होतं. ज्यांनी समोरच्या गटाबद्दल 'जनावरं आहेत ती' अशा अर्थाचं ऐकलं होतं त्यांनी झटके जास्त जोरात दिले. एका शब्दाने. जॅक दर पाच मिनिटांनी रेडिओवर येऊन तुम्हाला बँडिट म्हणतो ते विनोदासाठी ठेवलंय असं वाटतं, पण तो शब्द त्याला स्वतःलाच लागतो, तो बंद केला तर आपण काय करतोय हे त्याला दिसेल. स्वतःच्या पोटच्या मुलीला त्याने यंत्राला जोडून ठेवलंय.

बुद्धीच्या माजाबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय, कारण गेम्सना तो सगळ्यात छान जमतो. सिनेमातल्या व्हिलनला हिरोपेक्षा हुशार दाखवता येतं, पण गेममधला व्हिलन थेट तुमच्या हुशारीवर बोलू शकतो, कारण कोडं तुम्ही सोडवताय. बॅटमॅनच्या अर्कम गेम्समधला रिडलर शहरभर शेकडो कोडी पेरून ठेवतो आणि तुम्ही ती सोडवत गेलात की चिडून म्हणतो, तू चीटिंग करतोयस. थांबून विचार करा. कुणालाच सुटू नयेत असं वाटत असतं तर कोडी पेरलीच कशाला? त्याला कुणीतरी सोडवणारा हवाच आहे, आणि सुटलं की तो कोसळतो. दोन्ही बाजूंनी अडकलाय.

हा पेच दोनशे वर्षांपूर्वी हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाने मालक आणि गुलामाच्या रूपात मांडला होता. सोपं करून सांगायचं तर, मालकाला आपण मालक आहोत हे कुणीतरी मान्य करायला लागतं. मान्य कोण करणार, तर गुलाम. पण गुलामाला तर तो माणूसच समजत नाही, मग त्याच्या मान्यतेला किंमत काय? ज्याच्या मताला किंमत आहे असा बरोबरीचा माणूस मालकाने शिल्लकच ठेवलेला नाही. म्हणून मालकाची भूक कधी भागत नाही.

पोर्टल मालिकेतली ग्लाडोस म्हणजे ही भूक. एक कॉम्प्युटर, अख्खी प्रयोगशाळा तिच्या ताब्यात, आणि चाचण्या देणारी चेल ही एकच जिवंत बाई, म्हणजे तुम्ही. ग्लाडोस तुमच्या कपड्यांवरून बोलते, वजनावरून बोलते, तुम्ही दत्तक आहात म्हणून टोमणे मारते. चेल एक शब्द उलट बोलत नाही, दोन्ही गेम्समध्ये नाही. एवढं सर्वज्ञ यंत्र एका मुक्या बाईला लागेल असं काहीतरी शोधत तासन्‌तास बोलत राहतं, आणि मला तर ते ऐकताना तिची कीवच यायला लागली.

२०११ च्या पोर्टल २ मध्ये तिची जागा व्हीटली घेतो आणि मग लेखकांनी कमाल केलीय. व्हीटली म्हणजे घाबरट, बडबड्या, तुमच्याशी चांगला वागणारा गोळ्यासारखा रोबोट. त्याला मुख्य यंत्रावर बसवलं की काही सेकंदांत आवाज बदलतो, मी किती मोठा झालो बघा, तुम्ही किती लहान दिसताय. तेव्हा ग्लाडोस त्याला सांगते की तुला मूर्ख म्हणूनच बनवलं होतं, माझ्या डोक्यात सतत वाईट कल्पना घालून मला आवरायला शास्त्रज्ञांनी तुला मला चिकटवलं होतं. हे ऐकल्यावर तो लिफ्टवर गुद्दे घालत सुटतो, मी मूर्ख नाही, मी मूर्ख नाही, आणि त्या गुद्द्यांनीच लिफ्ट तुटून तुम्ही खोल खाली पडता. ॲडलर अख्खा त्या एका सीनमध्ये आहे. पुढे तो तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने पुस्तकाची पानं उलटतो, भारी पुस्तक वाचतोय आणि सगळं समजलं म्हणून सांगतो, शास्त्रीय संगीत लावतो. समोर तुम्ही नसता तर त्याने ते पुस्तक उघडलंही नसतं.

त्यातच आणखी एक बारीक गोष्ट आहे. त्या यंत्रातच अशी सोय करून ठेवलीय की कुणी चाचणी पूर्ण केली की वर बसलेल्याला सुखाची लहर येते, आणि चाचणी घेतली नाही तर खाज सुटते. व्हीटलीला सुरुवातीला मजा येते, मग तेवढ्याने भागत नाही, आणखी हवं होतं. म्हणजे सिंहासनावर बसल्यासारखं वाटतंय पण सिंहासनच त्याला चालवतंय.

आणि खेळणाऱ्याचं काय? हा प्रश्न मला अंडरटेलने घातला, २०१५ चा गेम. फ्लॉवी हे फूल आपल्याला हिणवतं कारण त्याला सेव्ह आणि लोड (गेम एका जागी साठवून ठेवणं आणि हवं तेव्हा तिथूनच पुन्हा सुरू करणं) माहीत आहे. आपण यायच्या आधी ती शक्ती त्याच्याकडे होती. त्याने काय केलं तर आधी सगळ्यांशी मैत्री केली, सगळ्यांचे प्रश्न सोडवले, मग पुन्हा लोड करून दुसरं काही, मग तिसरं, शेवटी प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य पाठ झालं आणि त्याला ती माणसं वाटेनाशी झाली. मग मारून बघू, काय बोलतात ते. द्वेषातून नाही, फक्त बघायला. हे वाचताना माझा हात थांबला होता, कारण तोपर्यंत मीही एका पात्राला मारून, डायलॉग वाचून, सेव्ह लोड करून परत आलो होतो, आणि त्या गेमला ते लक्षात होतं. मला कुठलीही जखम नव्हती, तत्त्वज्ञान नव्हतं. पुन्हा सुरू करायची सोय होती आणि समोरच्यांकडे ती नव्हती, बस.

पोर्टल २ च्या शेवटाकडे परत येतो. व्हीटली हरतो, ग्लाडोस पुन्हा तिच्या जागेवर बसते, चेल जमिनीवर बेशुद्ध पडलेली असते. आता मारायला काहीच अडचण नाही. पण ती म्हणते की तुला मारणं फार अवघड जातं, सोपा मार्ग म्हणजे तू निघून जा. त्याआधी थोडा वेळ तिच्यात माणूसपण जागं झालेलं असतं आणि ते आपण पुसून टाकलं असंही ती सांगते. लिफ्ट वर जाते, दार उघडतं, बाहेर पिवळं शेत आणि मोकळं आकाश. दार मागे बंद होतं. आणि मग परत उघडतं, आणि आतून एक ठोकळा बाहेर फेकला जातो, सगळ्या बाजूंना हृदयाची खूण असलेला, करपून काळा पडलेला. पहिल्या गेममध्ये, २००७ साली, तोच आपल्याला सोबत म्हणून दिला होता आणि नंतर तिनेच आपल्याला तो भट्टीत टाकायला लावला होता. म्हणजे बहुधा तिने तो भट्टीतून काढून एवढा काळ जपून ठेवला होता.